काझी, मुलाणी, पिंजारी : आपल्या आडनावांचा उच्चार आणि इतिहास

वाचकहो, आपल्या संस्थेच्या कोणत्याही शाळेतला एखादा हजेरीपट उघडून पाहावा. काझी, खतीब, मुल्ला, मुलाणी, मुजावर, इनामदार, देशमुख, पाटील, मुकादम, शिकलगार, अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी, मोमीन, शेख, सय्यद अशी नावे एकाखाली एक आलेली दिसतील. शिक्षक ती रोज सकाळी पाच मिनिटांत उरकतो. पण ही यादी म्हणजे हजार-अकराशे वर्षांच्या इतिहासाचा एक दप्तरखानाच आहे, हे आपल्या ध्यानी येत नाही. यांतील कित्येक शब्द अरबस्तानातून किंवा इराणातून निघाले, येथल्या मातीत आले आणि मराठी जिभेने त्यांना आपले वळण दिले. त्या वळणाचा इतिहास थोडक्यात सांगावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रारंभ कोकणच्या किनाऱ्यावरून केला पाहिजे, कारण पुरावा तेथेच सर्वांत जुना आहे. अल् मसऊदी हा प्रसिद्ध अरब प्रवासी हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, 'सैमूर' या बंदरात आला होता. सैमूर म्हणजे आपले रायगड जिल्ह्यातील चौल. शिलाहारांच्या ताम्रपटांत या गावाचे नाव 'चेमुल्य' असे येते. अरबीत 'च' नाही, म्हणून चेमुल्यचे सैमूर झाले. अरबीत 'प'ही नाही, म्हणून आपल्या सोपाऱ्याला ते 'सुबारा' म्हणत. मसऊदी सांगतो की तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले होते, तसेच याच भूमीत जन्मलेलेही होते. राष्ट्रकूट राजाने त्यांच्यावर त्यांच्यापैकीच एक प्रमुख नेमला होता आणि त्या प्रमुखाच्या पदाला 'हुनरमन' म्हणत. फारसी 'हुनरमंद' याच शब्दाचे ते रूप असावे, असे अभ्यासक मानतात. आपल्या प्रदेशातील मुसलमानांना मिळालेल्या हुद्द्यांत हा फार जुना. पुढे तो शब्द लोपला, त्याचे आडनाव झाले नाही. पण स्थानिक राजाने हुद्दा द्यावा आणि तो माणसाच्या नावाला चिकटावा, ही रीत तेव्हापासूनची आहे.

याच काळचा दुसरा पुरावा अधिक गोड आहे. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे काही ताम्रपट सापडले. त्यांतील शके ८४८ च्या, म्हणजे इ. स. ९२६ च्या, ताम्रपटात संजाणचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीने पाहणाऱ्या एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. त्याने लोकांसाठी फुकट नावेची आणि अन्नछत्राची सोय केली होती. एका मठिकेला दिलेल्या दानाची नोंदही त्याच ताम्रपटात आहे. या अधिकाऱ्याचे नाव काय लिहिले आहे? 'मधुमती'! मूळ नाव मुहम्मद. संस्कृत जाणणाऱ्या लेखकाने ऐकले ते आपल्या ओळखीच्या ध्वनींत बसवले. अरबाने चेमुल्यचे सैमूर करावे आणि पंडिताने मुहम्मदचे मधुमती करावे, यात कोणी कोणाचा अपमान केला नाही. परका शब्द आपल्या जिभेवर आणायचा, तर तो थोडा वाकवावा लागतोच. पुढे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला, तेव्हा मराठीत 'महंमद' हे अनुस्वाराचे रूप रुळलेले होते. आज खेड्यात म्हमद म्हणणारी आजीही त्याच परंपरेत बसते.

आता देशावर येऊ. बहमनी आणि त्यानंतरच्या शाह्यांत कारभाराची भाषा फारसी, पण गावचा हिशेब लिहिणारे हात मराठी. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४-१५५८) हिशेब फारसीऐवजी हिंदवीत, म्हणजे देशी भाषेत, ठेवण्याची आज्ञा केल्याचे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. तेव्हा हुद्दे फारसी आणि ते लिहिणारे-बोलणारे मराठी, असा प्रकार झाला. मराठी तोंडाने मग आपले नियम चालवले आणि ते नियम मोठे पक्के आहेत. उदाहरणार्थ, 'इ' पुढे आली की 'स'चा 'श' करणे. सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का, सिलहदाराचा शिलेदार. त्याच नियमाने हत्यारांना पाणी देणारा 'सैकलगर' आपल्याकडे शिकलगार झाला. अरबीतला कंठातून येणारा 'ऐन' आपल्याला उच्चारता येत नाही. शब्दाच्या शेवटी तो आला की आपण त्याच्या जागी दुसरेच अक्षर जाड करतो. किलअचा किल्ला, जिलअचा जिल्हा. 'इनआमदार' मधला ऐन तर मुकाट्याने गळाला आणि इनामदार उरला. बागबानचा बागवान झाला तो 'ब'चा 'व' होऊन.

सर्वांत नवल वाटते ते 'ण'चे. हे अक्षर ना अरबीत आहे ना फारसीत. परंतु फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा. फर्दनवीसचा फडणीस झाला, चिट्ठीनवीसचा चिटणीस झाला. आणि ज्या जिभेने हे केले, तिनेच 'मौलाना'चा मुलाणा व मुलाणी केला. पुण्याचे चिटणीस आणि सांगलीकडचे मुलाणी यांचा धर्म वेगळा, पण त्यांच्या आडनावांतील 'ण' एकाच टांकसाळीत पडला आहे. हे आपल्या मुलांना कोणी तरी सांगितले पाहिजे. फारसी आडनावे मुसलमानांची आणि संस्कृत आडनावे हिंदूंची, हा समज अगदी चुकीचा आहे. मुजुमदार, डबीर, पोतनीस, पारसनीस, दफ्तरदार ही घराणी बहुतेक ब्राह्मण व प्रभू. शब्द मात्र फारसी-अरबी. उलट तांबोळी हा शब्द संस्कृत 'तांबूल'पासून आलेला, मणियार हा 'मणिकार'पासून, पिंजारी हा आपल्या साध्या 'पिंजणे' या क्रियापदापासून, पाटील हा जुन्या लेखांतील 'पट्टकिल'पासून आणि देशमुख तर उघडच देशाचा मुख्य. ही सर्व नावे आमच्या हजेरीपटात आहेत.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी 'राजव्यवहारकोश' रचला आणि सुमारे चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, डबिराला सुमंत. कारभारात हे पर्याय चालले. परंतु मुजुमदार आणि डबीर ही आडनावे गेली नाहीत, ती आजही नांदत आहेत. घराण्याला एकदा लागलेले नाव दरबारच्या हुकुमानेही सहज सुटत नाही. (फारसी शब्दांचा मराठीवरील हा ठसा ज्यांना सविस्तर पाहावयाचा असेल त्यांनी माधव जूलियन यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश आणि औरंगाबादेहून १९३३ मध्ये निघालेले मौलवी अब्दुल हक यांचे उर्दू पुस्तक जरूर चाळावे. एक मराठी कवी व एक उर्दूचा सेवक एकाच विषयावर कष्ट घेत होते, ही गोष्ट आज आपण विसरलो आहोत.)

आता ज्या एका शब्दावर थोडे थांबले पाहिजे, तो 'काझी'. मूळ अरबी शब्दात पहिले अक्षर 'काफ', तेही घशाच्या तळातून काढावयाचे. आणि मधले 'ज़ाद', जे अरबांखेरीज दुसऱ्या कोणालाच नीट साधत नाही. इराण्यांनी त्या ज़ादचा सरळ 'ज़' केला. तोच उर्दूत आला. म्हणजे लखनौचा मौलवी ज्याला शुद्ध उच्चार म्हणतो, तोसुद्धा अरबाच्या कानाला इराणी वाटतो. बंगालात गेले की 'काजी', स्पेनमध्ये गावच्या प्रमुखाला म्हणतात तो 'अल्काल्दे' हाही अल्-काझीच. आपल्याकडे मराठीने त्याचे 'काजी' आणि 'काझी' अशी दोन रूपे केली. मराठीत 'झ' हा झाडातला वेगळा आणि झेंड्यातला वेगळा. या काझीतला 'झ' झाडातला नव्हे, झेंड्यातलाही नव्हे, तर 'ज़'ला जवळचा म्हणून लेखकांनी पत्करलेला आहे. आणि दखनी बोलणाऱ्या आपल्या मराठवाड्यातील, सोलापूर-विजापूरकडील बांधवांच्या तोंडी 'काफ'चा 'ख' होतो : खाजीसाब. दखनीची ही खूण फार जुनी आहे. त्यामुळे दखनीत 'कब्र' आणि 'खबर' इतके जवळ येतात की बाहेरचा माणूस गोंधळतो. मराठीत हा घोटाळा नाही. आपण 'कलम'चा क आणि 'खबर'चा ख नीट वेगळे ठेवले.

मला खंत वाटते ती येथे. शाळेत किंवा जलशात कोणी मुलगा 'खाजी' म्हणाला की उत्तरेकडची जबान जाणणारे हसतात. कोकणी बोलीत वाढलेले पोर उर्दूच्या वर्गात 'ज़' आणि 'ज' यांत अडखळते, तेव्हाही हसतात. असे हसू खाऊन उर्दू बोलणेच सोडून दिलेली आणि मराठी वर्गात 'तुमचं मराठी वेगळंच आहे' हे ऐकून तेथेही गप्प राहिलेली मुले मी माझ्या शिक्षकी पेशात पाहिली आहेत. दोन भाषा घरात असून वर्गात एकही न बोलणारे मूल, याहून मोठा तोटा कोणता? वास्तविक ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) बाणकोटी, संगमेश्वरी अशा कोकणच्या बोलींची नोंद आदराने झाली आहे. बोली म्हणजे बिघडलेली भाषा, असे त्या साहेबालाही वाटले नाही.

शब्दाचा उच्चार बदलतो तसा मानही बदलतो. 'मौलाना' म्हणजे 'आमचे स्वामी'. 'मुल्ला' हाही त्याच मूळ 'मौला' शब्दाचा वंशज. शहरात मौलाना म्हणजे मोठा आलिम. पण देशावरच्या गावगाड्यात मुलाणा म्हणजे बकरे हलाल करणारा, गावाकडून धान्याच्या रूपाने आपला हक्क घेणारा वतनदार. गावच्या हिंदू घरच्या बकऱ्यावरही सुरी त्याचीच फिरायची, म्हणून तो गावाचा, केवळ मुसलमानांचा नव्हे. 'मुकद्दम' म्हणजे पुढे ठेवलेला, अग्रणी. जुन्या कागदांत 'मोकदम' म्हणजे प्रत्यक्ष गावचा पाटील. कोकणात ते प्रतिष्ठित आडनाव झाले, मुंबईच्या गोदीत टोळीवाल्याला मुकादम म्हणू लागले आणि आज ऊसतोडीच्या हंगामात हा शब्द आपण ज्या अर्थाने ऐकतो तो सर्वांना ठाऊक आहे. 'मुजावर' म्हणजे शेजारी राहणारा. दर्ग्याच्या शेजारी राहून त्याची सेवा करणारा. 'फकीह' म्हणजे धर्मशास्त्राचा पंडित. माहीमचे मखदूम अली (मृत्यू १४३१) यांच्या नावापुढे ही पदवी लागते. तिचा शेवटचा 'ह' मराठी बोलण्यात फारसा ऐकू येत नाही. तो गळाला आणि लेखनिकाने आपल्या समजुतीने 'र' जोडला, तर पंडिताचा फकीर व्हायला वेळ लागणार नाही.

हुद्दे गेले, नावे राहिली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले आणि कित्येकांची इनामे तपासणीत गेली. इनामदार मात्र इनामदारच. १८६४ मध्ये सरकारने काझींच्या सरकारी नेमणुका बंद केल्या, १८८० च्या काझी कायद्याने त्या पुन्हा शक्य झाल्या, पण न्यायाचे अधिकार काही परतले नाहीत. खोती १९४९ च्या कायद्याने, वंशपरंपरेची पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. आज 'काझी' आडनावाचा तरुण संगणकावर काम करतो आणि 'अत्तार' आडनावाच्या घरात अत्तराची कुपीही नसते. यात वाईट काही नाही.

वाईट आहे ते हाक मारण्याच्या रीतीत. मराठीत आडनावाने हाक मारण्याची पद्धत आहे. 'या पाटील, बसा', 'काय काझीसाहेब, कुठं निघालात?' पण पिंजारी, मुलाणी, तांबोळी या आडनावांच्या वाट्याला 'साहेब' क्वचितच येतो. त्यांच्या शेवटच्या 'ई'चा 'या' होतो : पिंजाऱ्या, मुलाण्या, तांबोळ्या. 'काझ्या' किंवा 'सय्यद्या' असे गावात कोणी सहसा म्हणत नाही. म्हणजे व्याकरणाचा एकच प्रत्यय, पण तो कोणाला लावायचा हे समाजाने ठरवले. हे केवळ हिंदू शेजाऱ्यांनी केले असे म्हणू नये. आमच्याच बिरादरीत, आमच्याच लग्नाच्या बैठकीत, 'ते पिंजारी आहेत' हे वाक्य कोणत्या सुरात उच्चारले जाते ते आपण सर्वांनी ऐकले आहे. हदीस आणि समतेवरची व्याख्याने त्यानंतर होतात.

याचा परिणाम शाळेच्या रजिस्टरात उतरला. वर्गात 'ए पिंजाऱ्या' ऐकून घरी रडत आलेल्या मुलाचा बाप दुसऱ्या मुलाचे नाव घालताना आडनाव 'शेख' सांगू लागला. त्याला दोष कसा द्यावा? शेख या शब्दाचा अरबी अर्थ वडीलधारा, वृद्ध माणूस. तो कोणालाही शोभतो. कोणी 'शेख' झाले, कोणी 'खान' किंवा 'पठाण'. शाहीर अमर शेख बार्शीचे. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांचे नाव लोकांच्या प्रेमातून आणि चळवळीतून घडले, ती गोष्ट वेगळी. पण आडनाव ही दगडावरची रेघ नव्हे, एवढे त्यावरूनही दिसते.

मात्र काळाने एक चमत्कारिक फेरा घेतला. मंडल आयोगाच्या शिफारशींची अंमलबजावणी १९९० मध्ये जाहीर झाली, १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली आणि पिंजारी, तांबोळी, मोमीन, अत्तार, बागवान या जमाती आपल्या राज्यात इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. जे नाव लपवले, तेच आता दाखवावयाचे आहे. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयाचा दाखला मागताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे बहुधा आजोबांचा शाळेचा दाखला. तो काढून पाहावा तर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' आणि आडनावाच्या जागी 'शेख'. कापूस पिंजून ज्यांनी पिढ्या काढल्या त्या घरातील नातवाला, आपण पिंजारी आहोत हे सिद्ध करण्यासाठी खरेदीखते, जन्ममृत्यूची गाव-नोंद, चुलत घराण्याचे दाखले धुंडाळत फिरावे लागते. फीची सवलत, वसतिगृहातील जागा, वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेश एका जुन्या शब्दावर अडून राहतो. वाचकहो, आपल्या घरी जुने दाखले असतील तर ते आजच काढून सांभाळून ठेवा; मोडीत किंवा उर्दूत असतील तर जाणत्याकडून वाचून घ्या.

नावाच्या क्रमाचीही एक कथा आहे. शेख, सय्यद, मिर्झा ही संबोधने मुळात नावाच्या आधी लावावयाची. खान आणि बेग नंतर. निजामी राज्यात राहिलेल्या मराठवाड्यात आणि विदर्भात आजही 'शेख रहीम शेख करीम' अशी नावे आढळतात : मुलाच्या आधी शेख, बापाच्याही आधी शेख. मुंबई इलाख्याच्या शाळांत मात्र नाव, बापाचे नाव, आडनाव असा मराठी साचा होता. त्या साच्यात शेख शेवटी गेला आणि 'रहीम करीम शेख' झाले. पुढे दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी छापण्याची पद्धत आली, तेव्हा शेख पुन्हा पहिल्या जागी येऊन बसला. मुलींच्या बाबतीत तर फातिमाबी, फातिमा बेगम ही मानाची रूपे रजिस्टरातून हळूहळू गळाली आणि 'शेख फातिमा' एवढेच उरले. मूळ अर्थाने पाहिले तर हे नाव फातिमा नावाच्या वडीलधाऱ्या गृहस्थाचे होते, पण आता तसे कोण पाहतो!

शेवटी इंग्रजी लिपीबद्दल. तिने उच्चार टिपले नाहीत, पुसले. रत्नागिरी जिल्ह्यात 'परकार' हे मुसलमान घराण्यांचे आडनाव आहे आणि 'पारकर' हे हिंदूंचे. मराठीत ऐकताच फरक कळतो, इंग्रजीत दोघांची अक्षरे तीच. कोकणातून दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जे लोक गेले, त्यांतील काही परकारांच्या नावात एकच इंग्रजी स्वर बदलला आणि ते थेट 'पार्कर' झाले, जणू इंग्लंडातून आलेले. काझी या दोन अक्षरांच्या शब्दाचे इंग्रजीत निदान चार प्रकार चालतात, सय्यदचे त्याहून अधिक. आजोबांच्या जमिनीच्या उताऱ्यावर 'काजी', वडिलांच्या दाखल्यावर 'काझी', थोरल्याच्या पासपोर्टवर एक स्पेलिंग आणि धाकटीच्या आधार कार्डावर दुसरे, अशी घरे थोडीथोडकी नाहीत. शाळा सोडल्यावर ते सुधारावयाचे म्हणजे प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातील जाहिरात. म्हणून पहिलीत नाव घालायला येणाऱ्या पालकाला लेखनिकाने घाईने 'पुढे काय?' असे विचारून न थांबता, तुमच्या घरी हे नाव कसे म्हणतात, आजोबांच्या कागदावर कसे आहे, एवढे दोन प्रश्न विचारावेत आणि ऐकले तसे मराठीत लिहून, इंग्रजी अक्षरे पालकाकडून तपासून घ्यावीत. जूनमध्ये प्रवेश सुरू होतील, तेव्हा रजिस्टर समोर असेलच.